महोगनीची पाठ आणि भाताची पोती

भोरमध्ये एखादी वस्तू वाकडी दिसली की गावाला करमत नाही. सायकलचं हँडल असो, मोरीचा दरवाजा असो नाहीतर गच्चीवरचा अँटेना असो, येणारा-जाणारा थांबतो, मान तिरकी करून बघतो आणि सांगतो, "मास्तर, हे जरा सरळ करून घ्या." सांगून निघून जात नाही. सरळ होईस्तोवर उभा राहतो. माझ्या गिटारीच्या बाबतीत अख्खं गाव उभं राहिलं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट आहे. मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. पाचगणीच्या एका शाळेतले संगीत शिक्षक निवृत्त होऊन गोव्याला बहिणीकडे चालले होते आणि सामान काढून टाकत होते. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांचं कपाट हवं होतं. कपाट बघायला त्यांनी मला पाठवलं. कपाटाला वाळवी लागलेली होती. पण कपाटाशेजारी भिंतीला ही टेकून उभी होती.

तांबूस-तपकिरी रंग, कुठं झगमगाट नाही, आणि पाठ बाहेरच्या बाजूला फुगलेली. म्हणजे पालथी ठेवली तर सुसरीनं ऊन खात पडावं तशी दिसायची. संगीताच्या सरांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आत हात घाला." मी भोकातून चार बोटं आत घातली. "पट्टी लागते का हाताला? नाही लागणार. साध्या गिटारीची पाठ सपाट असते, म्हणून तिला आतून आडव्या पट्ट्या मारून धरून ठेवावं लागतं. हिची महोगनीची फळी साच्यात दाबून कमानदार केली आहे. कमानीला टेकू लागत नाही. ही आपली आपण उभी आहे." मग त्यांनी मला तिच्या पाठीला कान लावायला सांगितला आणि जाड तार छेडली.

आता तो आवाज कसा होता म्हणून विचाराल तर सांगता येत नाही, आणि गेली वीस वर्षं मी तेच सांगायचा प्रयत्न करून लोकांना पिडतो आहे. गोड होता, पण पेढ्यासारखा नाही. काकवीसारखा. हळू येणारा, आणि गेल्यावरही जरा चिकटून राहणारा. मी तिथल्या तिथं गिटार घेतली. मुख्याध्यापकांना कपाट मिळालं नाही हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत मनात ठेवलं.

परतीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो होतो. पिशवी नव्हती, सरांनी जुन्या चादरीत गुंडाळून दिली होती. सारोळ्याचा पूल येईपर्यंत शेजारचे गृहस्थ गप्प बसले. पूल ओलांडला तसं त्यांना राहवेना. "भिजली का वो?" मी म्हटलं, नाही, ती अशीच असते. "आशी कशी आसंल? लाकूड फुगलंय. उनात घाला." किकवीला ते उतरले, आणि उतरताना मागच्या सीटवरच्या बाईंना सांगून गेले की मास्तर फसले आहेत. कापूरहोळला भोरची गाडी बदलली तर त्या बाई माझ्याबरोबरच चढल्या. त्यामुळे भोर यायच्या आधीच माझी गिटार भिजलेली होती.

मग काय विचारता! रोज कोणी ना कोणी घरी येऊन तिची तब्येत बघून जाई. सुतार आला तो रंधा घेऊनच आला. म्हणाला, "दोन हात मारतो, एकदम पाटासारखी करून देतो." पोस्टमननं सांगितलं की भाटघर धरणाच्या जवळ राहणाऱ्यांच्या लाकडाला दमट हवेनं असंच होतं, म्हणजे दोष गिटारीचा नाही, धरणाचा. शेजारच्या काकूंनी तीळतेल सुचवलं. बायको म्हणाली, "घ्यायचीच होती तर धड घ्यायची." एक-दोघांनी तिला उघड उघड कुबडी म्हणायला सुरुवात केली, आणि मी रस्त्यानं जाताना "काय मास्तर, कुबडी काय म्हणते?" हा रामराम होऊन बसला.

मला राग यायचा. राग कसला, तळपायाची आग मस्तकात जायची. मी प्रत्येकाला पकडून कमानीचा सिद्धांत समजावून सांगायचो. फळ्यावर आकृती काढून सांगितला. एकदा तर मयतीला गेलो असताना स्मशानात लाकडं रचणाऱ्याला सांगितला. ऐकून घेऊन तो म्हणाला, "बरोबर हाय मास्तर, पर सरळ आसती तर बरं झालं आसतं."

गावात एकाच माणसानं तिला सरळ करायची गोष्ट काढली नाही. बाजारपेठेच्या मागं हार्मोनियम आणि तबले दुरुस्त करणारे चाचा होते. मी ती त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी बोटाच्या पेरानं पाठीवर टकटक केलं, दोन-तीन ठिकाणी, कान लावून. मग चष्मा काढला. "मास्तर, कुणाला हात लावू देऊ नका," एवढंच म्हणाले आणि पुन्हा हार्मोनियमच्या भात्याला लागले. त्या दिवशी मला वाटलं की भोरमध्ये कान असलेली माणसं दोनच, एक चाचा आणि दुसरा मी. चाचांचं माहीत नाही, पण माझ्या डोक्यात ते फार गेलं.

इतकं गेलं की मी वाजवायला शिकायचं सोडून दिलं. तीन सूर जुळवता यायचे, त्यावर भागवलं. वाजवणं कोणीही शिकेल हो, पण महोगनी ओळखणं! गणपतीच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी वाजवायला मागितली तर दिली नाही. त्यांच्या गिटारींना मी खोकी म्हणायचो, त्यांच्या तोंडावर. आज आठवलं की वाटतं, त्यांनी मला मंडपात बसू दिलं हेच पुष्कळ.

पुढं दोन हजार साल उलटलं आणि भोरला इंटरनेटचं दुकान निघालं. तिथं तासाचे पैसे भरून मी दुसऱ्या कुणाच्या लाकडाची वर्णनं वाचत बसायचो. तिथंच मला 'विंटेज' हा शब्द सापडला, आणि तिथंच कळलं की पुण्यात अशा जुन्या गिटारी बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका बंगल्यात जमतं. मी पत्ता काढून एकदा रिकाम्या हातानं गेलो. दिवाणखान्यात दहा-बारा जण होते. एक निवृत्त हाडांचे डॉक्टर, एक घरं बांधणारे आर्किटेक्ट, एक संगणकवाले, ज्यांच्याकडं अकरा गिटारी होत्या आणि एकही वाजवता येत नव्हती. मला भावासारखा वाटला तो माणूस. कोणी फारसं वाजवत नव्हतंच. भोकाला नाक लावून वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि "अहाहा" म्हणायचे.

माझ्याकडं कमानदार पाठीची, आतून एकही पट्टी नसलेली, पूर्ण महोगनी आहे म्हटल्यावर गप्पा थांबल्या. डॉक्टर म्हणाले, "भोरला?" जसं काही मी भोरला हत्ती पाळलाय. मग ठरलं की मी जानेवारीच्या पहिल्या रविवारी ती घेऊन यायची. त्यांनी हाताळून पाहायची, पाठ अस्सल निघाली तर मी सभासद. मंडळात नवीन माणूस चार वर्षांत घेतला नव्हता.

तुम्हाला खोटं वाटेल, पण पुढचे दोन महिने मला दुसरं काही सुचलं नाही. आयुष्यभर गावानं मला येडा ठरवलं होतं. आता पुण्याच्या बंगल्यात, चांगल्या चष्म्याची माणसं त्या पाठीवर हात ठेवून सांगणार होती की मास्तर, कान आहे तुम्हाला. मला ते ऐकायचं होतं. नुसतं ऐकायचं होतं, त्यासाठी काय वाटेल ते करायची माझी तयारी होती. पाठ तेवढी जशीच्या तशी बंगल्यात पोचली पाहिजे होती.

आणि नेमकं दिवाळीनंतर आम्ही घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायला घेतला. घरभर सिमेंट, वाळू, गवंडी. एक दिवस गवंडी मी गिटारीसाठी करून घेतलेल्या पेटीवर उभा राहून छताला हात लावताना दिसला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायको म्हणाली, "तुमच्या बाईला कुठं तरी माहेरी पाठवा." मी गिटार मामांकडं ठेवायची ठरवली.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वेल्ह्याच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव, भातशेती. वडील लवकर गेले तेव्हा मला त्यांनी तीन वर्षं घरी ठेवून शिकवलं. तरणेपणी पावसाळ्यात रस्ता बंद झाला की गावाची पोती पाठीवर घेऊन ते खालच्या रस्त्याला आणायचे, एकाची, दुसऱ्याची, कुणी सांगेल त्याची. पस्तिशीत पाठ गेली. पुढं ती वाकत वाकत इतकी वाकली की उभे राहिले तरी जमिनीवरचं काही शोधत असल्यासारखे दिसायचे. त्यांना गावात नावानं कोणी हाक मारत नसे. काय म्हणत ते मी इथं लिहीत नाही. माझ्या गिटारीला भोरमध्ये जे म्हणत तेच, पुरुषी करून. ते स्वतः त्या हाकेला ओ देत आणि हसत. आम्हा भाच्यांना इतकी सवय झाली होती की आम्हाला त्यात काही वाटत नसे.

पेटी घेऊन गेलो तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती. मामांनी पेटी उघडायला लावली. गिटार पालथी करून त्यांनी पाठीवरनं तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. "पाठ आलीया हिला, भाचेबुवा."

"ती तशीच असते मामा. तिला हात लावायचा नाही. ती कमान आहे." आणि मी पुन्हा माझं कमानीचं पुराण लावलं. मामी मध्येच उठून म्हशीला वैरण घालून आली, तरी ते संपलं नव्हतं.

मामांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "लोकं हसत्यात का रं हिला?"

"हसतात की. हसू देत. अडाणी आहेत."

"काय म्हनत्यात?"

मी सांगितलं काय म्हणतात ते. त्यांच्या तोंडावर सांगितलं, अगदी सहज. पेटीचं झाकण मामांनी स्वतः लावलं.

इथं वेल्ह्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. पाऊस तिकडं चार महिने दम घेत नाही. दाराच्या फळ्या, पाट, पाळण्याच्या कडा, जे लाकडाचं आहे ते फुगतं आणि वाकतं. भात घरात आलं की अशी वाकलेली फळी ओल्या फडक्यानं पुसायची, बाक वर करून जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर नव्या भाताची पोती रचायची. भात ओल शोषून घेतं, वजन फळी बसवतं. वीस-बावीस दिवसांनी फळी सरळ. त्या गावातलं एकूण एक दार असं सरळ झालेलं आहे. मी तीन वर्षं त्या घरात राहिलो, त्या पोत्यांवर बसून पाढे म्हटले. मला ही रीत माहीत नव्हती असं मी म्हणूच शकत नाही. पण मी महोगनीचा माणूस झालो होतो. पोती माझ्या ध्यानात कुठून यायला!

जानेवारीच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी वेल्ह्याला गेलो आणि तिथून चालत मामांच्या दारात. पेटी माजघरात खुंटीला टांगलेली. उचलली तर हलकी. उघडली तर रिकामी.

"मामा, गिटार?"

मामांनी कोपऱ्याकडं हात केला. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर फार वर्षांत पाहिला नव्हता. "बावीस दिस झालं. आज काढनारच व्हतो. ये, धर त्या बाजूनं."

कोपऱ्यात पाच पोती होती. इंद्रायणीचं नवं भात. त्यांच्याखालून माझ्या गिटारीची दांडी बाहेर आलेली दिसत होती.

मी ती पोती कशी ओढली मला आठवत नाही. मामाही ओढत होते, त्या वाकलेल्या पाठीनं, आणि मला सांगत होते की घाई करू नको, फडकं ओलं नव्हतं, नुसतं दमट होतं, खाली गोधडी घातली होती. गिटार पालथी होती. पाठ वर. मी हात ठेवला. पाठ होती तश्शी होती. पाच पोती भात बावीस दिवस डोक्यावर घेऊन ती केसभर खाली गेली नव्हती. मामांनीही हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"न्हाई बसली गं," ते मामीला म्हणाले.

मी गिटार उलटी केली. पाठीनं सगळं वजन खाली पोटावर दिलं होतं. तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी खाली दबून पुढची फळी चिरली होती, घोडीपासून थेट भोकापर्यंत.

मग मी तोंड उघडलं. वीस वर्षं मुलांवर ओरडून कमावलेला आवाज आहे माझा. मी अडाणी म्हटलं, सत्यानाश केलात म्हटलं, उद्याचा दिवस म्हटलं. मामा ऐकत होते. त्यांनी काही उलट म्हणायला पाहिजे होतं, म्हणजे मी तिथं थांबलो असतो. ते काही बोलले नाहीत, म्हणून मी म्हणालो, "आधी स्वतःची पाठ घाला पोत्याखाली. ती सरळ झाली की मग दुसऱ्याची करायला या!"

मामी दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती आत निघून गेली. मामा हातानं चाचपडत एका पोत्यावर बसले. मी गिटार पेटीत घातली आणि निघालो.

दुपारी भोरला पोचलो तो थेट चाचांच्या दुकानात. चाचांनी चीर पाहिली, आतून काडेपेटीची काडी पेटवून पाहिली. "पाठीला काय झालं नाही बघा. पोटाला मार बसला." मग लाकूड चिकटवायचा सरस गरम करायला ठेवला, चिरेत भरला, आतून कापडाची पट्टी डकवली, चीर दाबून धरायला दोन शिकंजे लावले. "सकाळी घेऊन जा. पण कुणी ठेवली हो वजनाखाली?" मी म्हटलं, एका अडाणी माणसानं. चाचा म्हणाले, "अडाणी माणूस फेकून देतो मास्तर. इतकी निगुतीनं गोधडी घालून ठेवत नाही." गोधडीचे धागे घोडीला चिकटलेले होते.

रविवारी सकाळी सुकलेला सरस घेऊन मी पुण्याच्या बंगल्यात हजर. पेटी उघडली. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी ती उचलली, पालथी केली, आणि सगळे पुढं वाकले.

"अस्सल," डॉक्टर म्हणाले.

मग ती हातोहात फिरली. आर्किटेक्टनी भोकाला नाक लावलं, डोळे मिटले. "अहाहा! जुन्या महोगनीचा हा वास, मातीचा, सुगीचा. दुसऱ्या कशाला येत नाही." तो इंद्रायणीचा वास होता. संगणकवाल्यांनी ती हलवली तर आतून भाताचं एक तूस पडलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन मंडळींना दाखवलं आणि म्हणाले, "परदेशात कोठारात राहिलेली असणार." मग डॉक्टरांना चीर दिसली. त्यांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. "ही दुरुस्ती बघा मंडळी. सरस. आजकाल असा सरस वापरतंय कोण? निदान चाळीस वर्षांपूर्वीची आहे. यानं तिची किंमत कमी होत नाही, उलट वाढते."

चाळीस वर्षं! अजून अठरा तास झाले नव्हते. मी गप्प बसलो. गप्प काय बसलो, मान डोलावली.

शेवटी डॉक्टरांनी ती आडवी धरून पाठीवरनं हळू हात फिरवला. "आयुष्यभर मी लोकांच्या पाठी सरळ केल्या," ते म्हणाले, "पण हा बाक! याच्यापुढं हात जोडतो. हिच्यावर किती भार टाका, ही वाकायची नाही, कारण ती आधीच वाकून उभी आहे." सगळ्यांनी एकेक करून तिच्या पाठीवर हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावर फिरवावा तसा. मला सभासद करून घेतलं. मास्तर, कान आहे तुम्हाला, असं खरोखर तीन जण म्हणाले. मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मला नुसतं मामांचं ते चाचपडत पोत्यावर बसणं दिसत होतं. शरम वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

कुणीतरी विचारलं, इतकी वर्षं हवा-पाण्यापासून कशी जपलीत? मी म्हटलं, वेल्ह्याला एक जण आहेत, त्यांनी ठेवली होती. "जाणकार माणूस दिसतो," आर्किटेक्ट म्हणाले.

बंगल्यातून निघालो तो स्वारगेटला वेल्ह्याची गाडी धरली. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामा ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होते. मला बघून उठायला लागले. मी त्यांचे पाय धरले. मोठ्या माणसाचे पाय मी नेहमीच धरतो, पण त्या दिवशी सोडवेनात.

"मामा, मी काय बोललो ते..."

"खरंच बोल्लास की. राहू दे." त्यांनी मला उठवलं. मग पेटीकडं बघून म्हणाले, "तू म्हनलास लोकं हसत्यात. काय म्हनत्यात त्येबी सांगितलंस. मला म्हाईत हाय रं त्ये कसं लागतं. माझी काय आता व्हत न्हाई सरळ. म्हनलं, हिची तरी व्हईल."

मी त्यांना पुण्याचं सगळं सांगत सुटलो. बंगला सांगितला, सुगीचा वास सांगितला, तूस सांगितलं. मामी पदर तोंडाला लावून हसली. चाळीस वर्षांचा सरस ऐकून मामाही हसले. आणि हाडांचे एवढे मोठे डॉक्टर, त्यांनी त्या पाठीवर कसा हात फिरवला, हात जोडतो म्हणाले, तेही सांगितलं.

मामांचं हसू थांबलं. "हाडाचा डाक्टर?"

"हो. फार मोठे होते."

"आन् त्यो तिथं आसतो? दर महिन्याला?"

"पहिल्या रविवारी."

मामांनी सूप खाली ठेवलं. जरा लाजत, लहान मूल खाऊ मागतं तसं, ते म्हणाले, "मग मलाबी ने की येकदा. काय करू नगं म्हनावं. नुसता हात लावून बघ म्हनावं."

"नेतो की मामा," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात नक्की."

जानेवारीच्या शेवटी त्यांच्या शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून निरोप आला की मामांनी धोतर आणि टोपी धुऊन ठेवली आहे, कुठं येऊन थांबू ते कळवा. मी दोन दिवस विचार केला. तो दिवाणखाना, ते गालिचे, त्या चांगल्या चष्म्याच्या माणसांनी मामांकडं वळून बघणं, आणि मग माझ्याकडं बघणं. मी कळवलं की या खेपेला जमत नाही, रविवारी गाडीला फार गर्दी असते, तुम्हाला उभं राहायला लागेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी पुण्याला गेलो. गाडी रिकामी होती. मी खिडकीशी बसलो आणि शेजारच्या सीटवर गिटार ठेवली.